ज्याच्या हातात गिटार नव्हती

२३ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिसच्या वेशीवरच्या जर्मनटाउनमध्ये बॉबी 'ब्लू' ब्लँड वारला, काळ्या अमेरिकनांच्या ब्लूज संगीतातला गायक. वय त्र्याऐंशी. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचं नाव निघालं की तोच जुना वाद पेटतो आणि त्याच दोन बाजू समोरासमोर येतात. एक बाजू हळहळते: एवढा मोठा गायक, पण जगाला त्याची किंमत कळली नाही. पुरावा काय, तर त्याची गाणी गिटारवादक एरिक क्लॅप्टनने गायली, ग्रेटफुल डेड या रॉक बँडने गायली आणि रॅपर जे-झीने तर थेट त्याचा आवाजच आपल्या गाण्यात उचलला. दुसरी बाजू वैतागून म्हणते, किंमत कळली नाही म्हणजे नेमकं काय? रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९९२ पासून त्याचं नाव आहे, १९९७ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला, यापेक्षा आणखी काय करायला हवं होतं? मला या दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरोधात आहेत, पण दोघींनी न्यायाधीश मात्र एकच नेमला आहे: गोरा रॉक-श्रोता, त्याचे लाडके गिटारवादक आणि त्याने उभारलेल्या संस्था. त्या न्यायाधीशाने ब्लँडला पुरेसे गुण दिले की नाही, एवढ्यावरच सगळी भांडाभांडी. माझं म्हणणं असं आहे, की ज्यांच्यासाठी ब्लँड आयुष्यभर गायला त्यांनी त्याला फार पूर्वीच मानाच्या पाटावर बसवलं होतं. त्याची उपेक्षा झाली असं आपल्याला वाटतं, कारण त्या लोकांचं मत आपण कधी मोजलंच नाही. त्याला नीट आठवायचं असेल तर आधी ते मत मोजायला हवं.

तो कुठून आला ते थोडक्यात सांगतो. जन्म २७ जानेवारी १९३० चा, मेम्फिसच्या उत्तरेला बॅरेटव्हिल या खेड्यातला. जन्मनाव रॉबर्ट कॅल्व्हिन ब्रुक्स, ब्लँड हे सावत्र वडिलांचं आडनाव. शाळा तिसरीत सुटली, कापसाच्या शेतात कामाला लागला, आणि लिहिणं-वाचणं नीट शिकायचं ते राहूनच गेलं. १९४७ मध्ये आई त्याला घेऊन मेम्फिसला आली. तिथे त्याने चर्चची गाणी गाणाऱ्या एका चमूत गायला सुरुवात केली. बील स्ट्रीटवरच्या पॅलेस थिएटरात रुफस थॉमस हौशी कलाकारांचे कार्यक्रम घ्यायचा, तिथेही तो उभा राहिला. बी. बी. किंग, जॉनी एस, रोस्को गॉर्डन या गायक मंडळींच्या मागे फिरला, त्यांच्या गाड्या चालवल्या, पडतील ती कामं केली. सक्तीच्या लष्करी सेवेतून परत आला त्या सुमारास जॉनी एस गेला. १९५४ च्या नाताळात, ह्यूस्टनला, कार्यक्रमाच्या मध्यंतरात पिस्तुलाशी खेळताना. दोघं जिच्यासाठी गायचे ती मेम्फिसमधली ड्यूक ही रेकॉर्ड कंपनीही तोवर ह्यूस्टनच्या डॉन रोबी या व्यावसायिकाच्या हातात गेली होती. १९५७ मध्ये 'फार्दर अप द रोड' काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर १९६१ मध्ये 'आय पिटी द फूल', १९६३ मध्ये 'दॅट्स द वे लव्ह इज', तीही पहिल्या क्रमांकावर. त्या यादीत त्याची साठहून अधिक गाणी लागली. गोऱ्यांच्या पॉप यादीत मात्र विसाव्या क्रमांकाच्या वर तो कधी गेलाच नाही. त्या विसाव्या क्रमांकाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ते गाणं १९६४ चं, 'एन्ट नथिंग यू कॅन डू'. त्या वर्षी बिलबोर्ड साप्ताहिकाने आर अँड बीची यादी छापणंच थांबवलं होतं. म्हणजे ज्या वर्षी परक्या अंगणात त्याची सर्वांत मोठी दखल घेतली गेली, त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या अंगणातला हिशोब कोणी ठेवला नाही. नंतरचे लोक जुन्या याद्या चाळून कलाकाराची उंची ठरवतात, तेव्हा मोजणारा कोण होता आणि कधी मोजायचं थांबला, हे कोण विचारतं?

हॉल ऑफ फेमवाल्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, तो खराच आहे. ब्लँड विस्मृतीत गेला, उपाशी मेला, त्याला कोणी ओळखत नव्हतं, अशा कहाण्या त्याच्याबद्दल सांगणं खोटेपणाचं आहे. पन्नासच्या दशकापासून थेट म्हातारपणापर्यंत तो काम करत राहिला. बहराच्या काळात तर वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस त्याचे रस्त्यावर जायचे. पण सन्मान मिळणं वेगळं आणि समजून घेतलं जाणं वेगळं. सन्मानपत्रांत त्याला 'ब्लूजचा सिनात्रा' म्हटलेलं सापडतं. हेतू चांगला असेल, पण फ्रँक सिनात्रा या गोऱ्या पॉप गायकाला कधी कोणी 'गोऱ्यांचा बॉबी ब्लँड' म्हटलं आहे का? ज्याला मोठा म्हणायचं त्याच्या गळ्यात दुसऱ्याच्या नावाची पाटी का अडकवायची?

१९६१ हे एकच साल डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी कोलंबिया कंपनीने रॉबर्ट जॉन्सनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची एलपी काढली आणि त्याला मिसिसिपी डेल्टाच्या ब्लूज गायकांचा राजा घोषित केलं. जॉन्सन १९३८ मध्येच वारला होता. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये त्याने २९ गाणी मुद्रित केली, त्यातलं जेमतेम एखादं बऱ्यापैकी खपलं. त्याच १९६१ मध्ये ड्यूकने ब्लँडची 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' काढली. जॉन्सनची तबकडी न्यूयॉर्क, बोस्टन, लंडनमधल्या कॉलेजवयीन गोऱ्या मुलांच्या खोल्यांत पोचली. ब्लँडची मेम्फिस, ह्यूस्टन, शिकागोच्या दक्षिण भागातल्या घरांत, ज्यूकबॉक्सांत, केशकर्तनालयांत वाजत होती. एकीकडे वारलेल्या गायकाला सिंहासनावर बसवलं जात होतं, आणि त्याच वेळी जिवंत गायक दर शनिवारी भरल्या सभागृहात गात होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत गोरे संशोधक आणि चाहते विस्मृतीत गेलेल्या जुन्या ब्लूज गायकांना शोधायला दक्षिणेत मोहिमांवर निघाले. १९६३ मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट सापडला, १९६४ मध्ये स्किप जेम्स आणि सन हाउस. या शोधाचं मोल मी कमी लेखत नाही. नाहीतर ही माणसं खरोखरच कायमची हरवली असती. पण ज्याला शोधावं लागत नव्हतं, त्याचं काय? तिकीट काढून आत गेलं की समोर दिसणाऱ्या माणसात त्या पिढीला रस नव्हता. हे तेव्हाच कोणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काइल यांनी 'अर्बन ब्लूज' या पुस्तकात हीच तक्रार मांडली आणि बी. बी. किंग व बॉबी ब्लँड यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं लिहिली. ब्लँड मंचावर उभा राहिल्यावर सभागृहात काय घडतं, हे त्यांनी जवळून टिपलं. साठ वर्षांपूर्वी छापलेला मुद्दा आजही नव्याने सांगावा लागतो, यातच बरंच काही आलं.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे. ते म्हणतात, ब्लँड उत्तम गायचा हे मान्य, पण तो खरा ब्लूज कुठे? मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कधी व्हायोलिनं, कधी कोरस. स्वतः ब्लँड पेरी कोमो आणि नॅट किंग कोल या मुलायम पॉप गायकांची तारीफ करायचा, लहानपणी रेडिओवर ग्रँड ओल ऑप्री या कार्यक्रमातली कंट्री गाणी ऐकायचा. हा तर सोल झाला, नाहीतर पॉप. या मंडळींना मी एकच विनंती करीन: इतिहास १९६१ पासून सुरू करू नका. 'मेम्फिस ब्लूज' १९१२ मध्ये छापून विकला तो डब्ल्यू. सी. हॅंडीने, आणि तो बँडवाला होता, कॉर्नेट वाजवायचा. त्याच बील स्ट्रीटवर पुढे ब्लँड घडला. ब्लूजची रेकॉर्ड बाजारात तडाखेबंद खपू शकते हे १९२० मध्ये सिद्ध केलं मेमी स्मिथने, एका थिएटरच्या गायिकेने, पाठीशी वाद्यवृंद घेऊन. त्यानंतर मा रेनी आणि बेसी स्मिथ. यांच्यापैकी कोणी पारावर एकट्याने गिटार छेडत बसल्याचं चित्र इतिहासात सापडणार नाही. रेशमी पोशाख, मोत्यांच्या माळा, मागे बँड. गिटार घेतलेला एकटा पुरुष बाजारात आला तो या बायकांनी वाट मोकळी करून दिल्यानंतर. तेव्हा बँडसमोर उभं राहून गाणारा ब्लँड हा भेसळीचा नमुना नाही. तो ब्लूजच्या सर्वांत जुन्या व्यावसायिक परंपरेतला थेट वारस आहे.

लेरॉय कारचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. इंडियानापोलिसचा पियानोवादक, आवाज मऊ, शहरी, जवळजवळ कुजबुजता. १९२८ मध्ये 'हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज' प्रचंड गाजलं. १९३५ मध्ये तिशीतच गेला. रॉबर्ट जॉन्सन ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून शिकला त्यांत कार होता. आज जॉन्सनचे टी-शर्ट मिळतात, चौकात सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि कारचं नाव अभ्यासकांच्या टिपांमध्ये उरलं आहे. दोघांच्या नशिबात हा फरक का पडला? प्रतिभेत एवढी तफावत नव्हती. कार नीटनेटका सूट घालून पियानोवर बसायचा आणि त्याच्या काळातल्या काळ्या लोकांना तो मनापासून आवडायचा, एवढंच. रानटी, एकाकी, शापित पुरुषाची जी प्रतिमा पुढच्या श्रोत्याला हवी होती, तिच्यात तो बसत नव्हता. ब्लँडही बसला नाही.

आता गिटारबद्दल. १९६७ मध्ये बी. बी. किंग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये गोऱ्या तरुणांसमोर गायला, सगळं सभागृह उभं राहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. १९७० मध्ये 'द थ्रिल इज गॉन' पॉप यादीत पंधराव्या क्रमांकावर पोचलं. बी. बी. किंगच्या योग्यतेबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण त्याच्या हातात ल्युसिल नावाची गिटार होती, आणि त्या तरुणांकडे गिटार ऐकायचा कान तयार होता, कारण त्यांचे हिरो तेच वाजवत होते. ब्लँड मंचावर यायचा तेव्हा त्याच्या हातात फक्त माइक. गिटारच्या दारातून आत आलेल्या श्रोत्याला तो दिसणार कसा? आपल्याकडेही वेगळं नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय आला, आणि तेव्हापासून मुंबई-पुण्यातला ब्लूजप्रेमी बहुतेक वेळा गिटारचाच भक्त असतो.

खरं तर आपल्याला हे जास्त खटकायला हवं. आपले कान गायकीवर पोसलेले आहेत. ख्याल गाणाऱ्याला 'तुम्ही वाजवता काय?' असं विचारणारा श्रोता आपल्याकडे भेटणार नाही. ठुमरीतली एकच ओळ चार प्रकारे आळवून तिच्यातून चार वेगळे भाव काढणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच कानाने ब्लँडचं 'स्टॉर्मी मंडे' ऐका. गाणं मुळात टी-बोन वॉकरचं, १९४७ चं. ब्लँडची आवृत्ती १९६२ मध्ये गाजली. यात नेहमीची पितळी वाद्यं नाहीत. मागे वेन बेनेटची गिटार हलके हलके सुरावटी बदलत जाते आणि ब्लँड आठवड्याचे दिवस मोजतो: सोमवार वाईट, मंगळवारही तसाच, पुढचे त्याहून वाईट, मग पगाराचा दिवस, शनिवारची मौज, रविवारी गुडघे टेकून प्रार्थना. एवढंच कथानक. त्यात तो कुठेही ओरडत नाही. दिवसाच्या नावावर किंचित मागे रेंगाळतो, तालाच्या थोडं उशिरा शब्दावर उतरतो, आणि प्रार्थनेपाशी आवाज भरून येतो तेव्हा आधी राखून ठेवलेलं सगळं एकदम हाती लागतं. याच्या अगदी उलट टोकाला 'आय पिटी द फूल'. सुरुवात शांत, दयेच्या सुरात. मग लोक उभे राहून आपली फजिती बघताहेत हे लक्षात येतं आणि गळा फाटतो. घशाच्या तळातून येणारा तो खरखरीत, गुळणी केल्यासारखा हुंकार हीच त्याची खूण. त्याला तो सापडला रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांच्या प्रवचनांत. हे अरेथा फ्रँकलिनचे वडील. घरटं हलवून पिलांना उडायला लावणाऱ्या गरुडिणीवरचं त्यांचं प्रवचन रेकॉर्डवर निघालं होतं, आणि ते ब्लँडने पुनःपुन्हा ऐकलं. तरुणपणी लागणारा चिरका वरचा सूर हातचा गेला होता, तेव्हा त्याने प्रवचनकाराची ही गर्जना प्रेमगीतात आणली. देवाला मारायची हाक बाईला मारली, आणि ऐकणाऱ्या बायकांना त्या हाकेचं मूळ गाव पक्कं ठाऊक होतं, कारण दर रविवारी ती त्यांच्या कानावर पडत होती.

त्या बायकांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. ब्लँडच्या सभागृहात बायका मोठ्या संख्येने असायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच नोकरी-मजुरी करून, मुलाबाळांचं आवरून आलेल्या. त्याच्या गाण्यातला पुरुष रेल्वेवर उडी मारून पळून जात नाही. तो दाराशी उभा राहून विनवतो, चुकलो म्हणतो, परत ये म्हणतो. १९५९ च्या 'आय'ल टेक केअर ऑफ यू'मध्ये तर तो एवढंच सांगतो, की तुला दुखावलं गेलंय हे मला दिसतंय, मी तुला सांभाळीन. गाणं ब्रूक बेंटनचं. खाली ऑर्गन रेंगाळतो, वर ब्लँडचा आवाज, घाई अजिबात नाही. हा संसारी, प्रौढ माणसांचा ब्लूज आहे. विशीतल्या रॉक-श्रोत्याला यात थरार वाटला नसेल तर त्याचा दोष मी देणार नाही. पण त्या विशीच्या आवडीलाच पुढे समीक्षेचा दर्जा मिळाला, आणि चाळिशीतल्या काळ्या बायकांची आवड 'लोकप्रियता' या खात्यात टाकून मिटवली गेली, याचा दोष कोणाकडे जातो?

क्लॅप्टन आणि ग्रेटफुल डेडचा दाखला देणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. २००१ मध्ये जे-झीच्या 'द ब्लूप्रिंट'मध्ये 'एन्ट नो लव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी' वाजलं आणि हजारो तरुणांच्या कानावर ब्लँडचा आवाज पहिल्यांदा पडला. दार कुठलंही असो, माणूस आत आला हे चांगलंच. पण दाखला म्हणून तो लंगडा आहे. १९७६ मध्ये 'द बँड' या रॉक गटाच्या निरोपाच्या मैफलीत क्लॅप्टनने ब्लँडचं 'फार्दर अप द रोड' घेतलं, 'फर्दर ऑन अप द रोड' या नावाने. ते बघणाऱ्याला काय आठवतं? क्लॅप्टनच्या गिटारचा पट्टा निसटला आणि 'द बँड'च्या रॉबी रॉबर्टसनने क्षणाचाही खंड न पडू देता पुढचा तुकडा उचलला. गायकाचं गाणं, आणि स्मरणात राहिला गिटारचा पट्टा. ब्लँडचं 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट' मूळ अडीच-पावणेतीन मिनिटांचं. जॅबो स्टार्क्सचे ड्रम चर्चमधल्या टाळ्यांसारखे चालतात, मध्ये बँड थांबतो, ड्रम आणि आवाज एवढेच उरतात, आणि मग पितळी वाद्यं पुन्हा कोसळतात. ग्रेटफुल डेडने तेच १९६९ मध्ये पंधरा मिनिटं ताणलं. त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण ब्लँड थोर का, याचं उत्तर मूळच्या पावणेतीन मिनिटांत शोधायचं की त्या पंधरा मिनिटांत?

शिवाय पैशाचा मुद्दा आहेच. इतरांनी गाणी गायली म्हणजे ब्लँडचं भलं झालं असं सहज गृहीत धरलं जातं. ते कसं शक्य आहे? दुसऱ्याने गाणं गायलं की मानधन गीत-संगीत ज्याच्या नावावर आहे त्याला आणि प्रकाशकाला मिळतं. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर रेकॉर्ड वाजली तरी गायकाच्या हाती काही पडत नाही. आणि ब्लँडची गाणी कोणाच्या नावावर होती? 'आय पिटी द फूल'वर नाव आहे डेडरिक मलोन. या नावाचा गीतकार नव्हताच. ते डॉन रोबीचं टोपणनाव. गरजू माणसांकडून गाणी चार पैशांत विकत घ्यायची आणि स्वतःच्या नावावर चढवायची, हा त्याचा धंदा होता. 'लव्ह लाइट'वर मलोनच्या शेजारी ब्लँडचा संयोजक जो स्कॉट याचं नाव तरी आहे. खुद्द ब्लँडने वाचता येत नसताना ज्या करारावर सही केली, त्यात इतरांना रेकॉर्डमागे दोन सेंट मिळत असताना त्याला अर्धा सेंट मिळणार होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. तेव्हा मोठ्या लोकांनी त्याची गाणी गायली हा त्यांच्या गुणग्राहकतेचा पुरावा असेल. त्याला त्याचं देणं मिळाल्याचा नाही.

यावर विरोधक म्हणतील, बरोबर आहे, पण मग तो गाणी लिहीत नव्हता, वाजवत नव्हता, चाली बांधत नव्हता. त्याच्या रेकॉर्डची अर्धी करामत जो स्कॉटची. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि यातला स्कॉटबद्दलचा भाग मी दोन्ही हातांनी मान्य करतो. ट्रम्पेटवादक, बँडप्रमुख, संयोजक जो स्कॉट नसता तर आपल्याला माहीत असलेला ब्लँड घडला नसता. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे स्कॉटने शिकवलं असं ब्लँड स्वतः सांगत असे. १९६८ मध्ये दोघे वेगळे झाले, बँड फुटला, ब्लँड दारूत बुडाला, आणि १९७१ मध्ये ती सोडेपर्यंत सावरला नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताशी परिचय असलेल्या माणसाला संयोजकाची कहाणी नवी नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी किती गाण्यांना अंगरखा शिवला आणि पडद्यावर त्यांची नावं किती वेळा झळकली, हे आपण उशिरा मोजायला लागलो. स्कॉटचंही तेच आहे. त्याला श्रेय द्या, ठळक अक्षरांत द्या. पण ते ब्लँडच्या खिशातून काढून देण्याचं कारण काय? सिनात्राच्या मागे संयोजक नेल्सन रिडल होता म्हणून सिनात्रा लहान झाला नाही. बिली हॉलिडेने बहुतेक गाणी दुसऱ्यांचीच गायली. मग ब्लूज गायकानेच शब्द, चाल, वादन सगळं एकट्याने करून दाखवावं, हा हट्ट का? ब्लूज म्हणजे भोगलेलं दुःख आपोआप तोंडातून बाहेर पडतं, ही समजूत त्या हट्टामागे आहे. ती कौतुकाची वाटते, पण कसब नाकारते. काळा माणूस शिकून, तालमी करून, निवड करून गातो हे ती मान्यच करत नाही. ज्याला कागदावरचे शब्द वाचता येत नव्हते त्याने संपूर्ण गाणं कानाने उचललं, तोडमोड करून स्वतःचं केलं आणि दर रात्री नव्या सभागृहाच्या अंदाजाने बदललं. याला कसब म्हणायचं नाही तर कशाला?

नंतरच्या रेकॉर्डबद्दल मी वकिली करणार नाही. १९७३ मध्ये रोबीने ड्यूक एबीसी या रेकॉर्ड कंपनीला विकली. १९७४ ची 'ड्रीमर' सुंदर आहे, तिच्यातच ते 'हार्ट ऑफ द सिटी' आहे. त्याच वर्षी बी. बी. किंगबरोबर थेट मैफलीची तबकडी निघाली, एकेकाळचा ड्रायव्हर मालकाच्या बरोबरीने मुखपृष्ठावर. पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजाराच्या मागे धावणारी बरीच गुळमुळीत गाणी आहेत. १९८५ नंतर मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या मालाको कंपनीसाठी गायलेल्या काही गाण्यांत कृत्रिम वाद्यांचा प्लास्टिकी वास येतो. आवाजही दमला होता. तरी त्याच वर्षीचं 'मेंबर्स ओन्ली' दक्षिणेतल्या काळ्या रेडिओवर वाजत राहिलं, कारण ते दुखावलेल्या माणसांच्या मेळाव्याचं गाणं होतं आणि ऐकणारे स्वतःला त्या मेळाव्याचे सभासद समजत होते. समीक्षकाला प्लास्टिक ऐकू आलं, त्यांना बॉबी ऐकू आला. दोघांचंही खरं.

राहिला वंशभेदाचा मुद्दा. ब्लँडला गोऱ्या अमेरिकेने दाबलं, एवढ्यात सगळं आटोपणाऱ्यांशी माझं भांडण थोडं वेगळं आहे. वंशभेद होताच. 'चिटलिन सर्किट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्यांच्या सभागृहांतून ब्लँड फिरला तो हौसेने नव्हे. इतर दारं बंद होती, राहायला हॉटेल मिळत नव्हतं, जेवायला मागच्या दाराने जावं लागे. हे सांगायलाच हवं. पण केवळ हेच सांगितलं की त्या सभागृहांकडे आपण तुरुंग म्हणून बघू लागतो, आणि आत बसलेले लोक पुन्हा अदृश्य होतात. ते पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढायचे, ठेवणीतले कपडे घालून यायचे. गायकाने सूर चुकवला तर तोंडावर सुनवायचे, आणि बरोबर लावला तर उभं राहून उत्तर द्यायचे. त्या परीक्षेत ब्लँड वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्र उत्तीर्ण झाला. त्याला पॉप यादीने पास केलं नाही म्हणून हळहळणं म्हणजे त्या परीक्षकांना परीक्षक मानायला नकार देणं.

त्यांच्यातले जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. क्लॅप्टनच्या आणि फिलमोरच्या आठवणींवर मुलाखती, माहितीपट, जाड ग्रंथ भरपूर झाले. बॉबी ब्लँडवर पुढचं लिखाण, पुढचा माहितीपट करणाऱ्यांनी रॉक-ताऱ्यांकडून आदरांजलीची वाक्यं गोळा करण्याआधी ह्यूस्टनच्या आणि मेम्फिसच्या काळ्या वस्त्यांत जावं. १९६१ मध्ये 'आय पिटी द फूल' वाजलं तेव्हा ज्या बाया-पुरुष सभागृहात होते त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रक ठेवावा, आणि तो गायला लागला की त्यांच्या रांगेत काय व्हायचं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. हे काम करायला फार वर्षं उरलेली नाहीत.